मे महिन्यात मी पडून राहिले

माझ्या अंगाला जो बर्फ लावला, तो पाहुण्यांच्या सरबतासाठी आणलेला होता. अकोट रस्त्यावरच्या एका गावातलं लग्न. गेल्या वर्षीचा मे महिना, दुपारचे बारा वाजून गेलेले. मांडवामागे पत्र्याच्या आडोशाला तीन भट्ट्या पेटलेल्या होत्या आणि मधल्या भट्टीसमोर मी आडवी पडले होते. यातलं मला काही आठवत नाही. शांताने नंतर सांगितलं तेवढंच माहीत आहे.

मी मंदा. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत राहते. बावीस वर्षं झाली, लग्नांचा स्वयंपाक करते. सुरुवातीला दुसऱ्यांच्या हाताखाली कांदे चिरायची, भांडी उचलायची. पुढे माझीच टोळी झाली. आम्ही नऊ बाया, आणि शांता त्यातली सगळ्यात जुनी. ठेकेदार काम घेतो, टेम्पो पाठवतो, आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत तो म्हणेल तिथे आम्ही जातो. पाचशे माणसांचा स्वयंपाक मी कागद न घेता, नुसत्या अंदाजाने करते. हे जरा फुशारकीने सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात फुशारकीसारखं फारसं काही नाही.

त्या दिवशी शांताला पहिली शंका आली ती वांग्याच्या भाजीवरून. मी भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. तिने हटकलं, तर मी तिच्याकडे बघून म्हणाले, "पूजाले शाळेतून कोन आनलं?"

पूजा माझी मुलगी. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि घरी बी.कॉम.च्या परीक्षेचा अभ्यास करत होती. शांताने माझा हात धरला. हात तापलेला आणि कोरडा ठणठणीत. भट्टीपुढे उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर घामाचा एक थेंब नाही. "ताई, बसा" असं ती म्हणेपर्यंत मी खाली गेले होते.

मांडवाच्या कडेला भुशात बर्फाच्या लाद्या झाकून ठेवल्या होत्या. शांता आणि आमच्यातलीच रेखा तिकडे धावल्या. नवरदेवाचा मामा आडवा आला.

"तो बरफ पाव्हण्याइचा हाय. हात नोका लावू."

"पाव्हण्याइले गरम सरबत पाजा," शांता ओरडली. "माही ताई मरून राहिली इथी!"

दोघींनी लादी उचलून आणली, भट्टीच्या सळईने फोडली आणि माझ्या मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावला. वरून मठ्ठ्यासाठी ठेवलेलं गार पाणी ओतलं. मग टेम्पोत घालून अकोल्याला. दवाखान्यात विचारलं म्हणे, बर्फ कोणी लावला. शांता घाबरली. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. "त्या बर्फानंच ही वाचली," असं उत्तर मिळालं तेव्हा ती तिथेच फरशीवर बसली आणि रडली.

हे सगळ्यात आधी सांगितलं, कारण कोणाला पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी कळावं. उन्हात काम करणारं माणूस भलतंसलतं बोलायला लागलं, त्याचा घाम थांबला, तर त्याला कांदा हुंगवत बसू नका. भिजवा. सापडेल तो बर्फ लावा आणि दवाखाना गाठा. बर्फ कोणाचा आहे ते नंतर बघता येतं.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

मला नीट शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी पंखा दिसला, मग माझ्या नवऱ्याचं तोंड. पूजाचे बाबा शाळेच्या मुलांची ऑटो चालवतात. बोलायला कमी. ते माझ्या पायांवर ओला दुपट्टा ठेवून बसले होते आणि तो दुपट्टा कधीच वाळून गेला होता.

अंगातला एकेक स्नायू कोणीतरी पाट्यावर वाटल्यासारखा दुखत होता. खाटेला लघवीची पिशवी लटकवलेली होती. तिच्यात जे होतं त्याचा रंग कोऱ्या चहासारखा. मला आधी वाटलं, ही दुसऱ्या कोणाची असेल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पूजापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या. बोलणं इकडचं नव्हतं. कागद बघत त्यांनी विचारलं, "मावशी, कामाच्या दिवशी पाणी किती पिता?"

"पहाटे पाचले चाय पेतो. मंग सातले घरी आल्यावर पानी."

"मधे?"

"मधे नाही."

त्यांनी मान वर केली. "पहाटे पाच ते संध्याकाळी सात? उन्हात, भट्टीपुढं? का?"

मी पूजाच्या बाबांकडे पाहिलं. त्यांच्यासमोर हे बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण बाई वाट बघत उभ्या होत्या, हलेनात.

"बाई, पानी पेलं का जा लागते. जाचं कुठी?"

मग मी सांगितलं. गावातल्या मांडवात नुसते पुरुष. वाढपी, बँडवाले, मंडपवाले, पाहुणे. मागे मोकळं रान, मे महिन्यात तिथे तुरीचा खुंटसुद्धा उभा नसतो. शहरातल्या लॉनवर संडास असतात, पण ते समोरच्या बाजूला, पाहुण्यांसाठी. तेलकट पातळातल्या बाईने तिथे जायचं नसतं. कोणी पाटी लावलेली नसते, पण एकदा गेलं की कळतं. म्हणून आम्ही नऊजणी पाणी पीत नाही. नवीन पोरगी कामाला आली की पहिल्या दिवशी मीच तिला शिकवते, "सकाळी जाऊन घे, अन् मंग तोंडाले पानी लावू नोको."

मीच शिकवते. हे वाक्य मी बोलले आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, किडनीला मार बसला आहे, यकृतालाही थोडा. बहुतेक भरून येईल, पण उन्हाळाभर ऊन नाही, चूल नाही, घाई नाही. वेळेवर पाणी आणि पडून राहणं.

"उनाळाभर? बाई, उनाळा म्हनजे माहा सीझन हाय. लग्नं घेतलेली हायेत."

"लग्न लावायला भटजी लागतो, मावशी. तुम्ही नाही लागत."

त्या गेल्या. पूजाच्या बाबांनी माझ्या पायांवरचा वाळलेला दुपट्टा उचलला. मग म्हणाले, "बावीस वर्सं झाली. मले कधी सांगतलं नाही."

"तुमी कधी इचारलं नाही."

ते उठले, नळावर गेले आणि दुपट्टा पुन्हा ओला करून आणला.

पिशवीचा रंग

त्या वॉर्डात मी आठ दिवस होते. सकाळी झाडू, मग सुई, मग राऊंड, मग डबे. दुपारी पंखे गरम हवाच फिरवायचे. शेजारच्या खाटेवर हमीदाबी होत्या. साठीच्या, दम्याच्या. पुढे उशी घेऊन बसूनच असायच्या, त्यामुळे सगळ्या वॉर्डावर त्यांचं लक्ष. माझ्या पिशवीचा रंग माझ्याआधी त्या बघायच्या.

"आज बी चायच हाय बेटा," त्या पहिले तीन दिवस सांगत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्याच्या तपासणीत आकडे उतरले नाहीत तर मशीनवर घ्यावं लागेल. मशीन म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या गल्लीतला एक माणूस आठवड्यातून दोनदा मशीनवर जायचा. आधी रिक्षाने जायचा, मग त्याला धरून न्यायला लागले. पुढचं सांगत नाही.

ती दुपार मला जन्मभर आठवेल. रडू आलं नाही. राग आला. मी चोरी केली नव्हती, दारू प्यायले नव्हते. हजारो माणसांची पोटं भरली आणि माझ्या शरीराला एक दार असलेली जागा कोणी दिली नाही, आणि मीही कधी मागितली नाही. मला त्या मामाचा राग आला, ठेकेदाराचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. मी पूजाच्या बाबांना म्हटलं, "मी मशीनवर जानार नाही."

"बाई म्हनतील तसं करा लागते."

"बाईले सांगून राहिली नाही मी. याइले सांगून राहिली," आणि मी माझ्या कमरेवर, जिथे किडन्या असतात असं मला वाटत होतं तिथे, बुक्की मारली. दुखलं. हमीदाबी हसल्या आणि हसता हसता त्यांना दम लागला. मग त्यांची सून धावत आली, त्यांना पंप दिला, पाठ चोळली. त्यांचा दम खाली बसल्यावर तीच सून माझ्याकडे वळली. "चाची, तुमच्या केसाची गाठ झाली," म्हणाली, आणि मला बसतं करून तिने माझे केस विंचरले. आठ दिवसांत स्वतःच्या आईसारखा कोणी हात लावला असेल तर तिने. तिचं नाव मी विचारलं नाही, याची मला आजही चुटपुट आहे.

दुसऱ्या दिवशी आकडे थोडे उतरले. फार नाही, पण मशीन टळलं. त्या संध्याकाळी हमीदाबी वाकून वाकून पिशवी बघत म्हणाल्या, "चाय कमी झाली वं. आज पानी जादा दिसून राहिलं." आम्ही दोघी लघवीच्या पिशवीकडे बघून हसत होतो.

मी डॉक्टरांचं ऐकलं नाही

घरी आले आणि तिसऱ्याच दिवशी मी उठले. हे लपवणार नाही. ठेकेदार गजूभाऊचा फोन आला होता की पुढच्या लग्नाचा मसाला तरी घरी बसून भाजून द्या. मला वाटलं, बसून काय होतं. शिवाय घरात सासूबाई. त्या वाईट नाहीत, पण त्यांची जीभ त्यांच्या पुढे चालते. सकाळपासून दोनदा म्हणून झालं होतं, "बाईमानूस दिवसा आडवं झालं का घराची कळा जाते."

मला ते लागलं, कारण मीही तसंच म्हणत आले होते. समोरच्या घरातली सून जेवून तासभर झोपते म्हणून मी तिला गल्लीत नावं ठेवलेली आहेत.

गॅस लावला, कढई ठेवली, खोबरं टाकलं. पाच मिनिटं झाली नसतील, पाय लटलट कापायला लागले. तोंडावरून वाफ गेल्यासारखं झालं. मी दंडावर हात फिरवला. कोरडा. मे महिना, गॅससमोर, आणि कोरडा. पहिल्या वेळी मला काही कळलं नव्हतं. या वेळी सगळं कळत होतं. ओट्याला धरून मी "पूजा" म्हणायचा प्रयत्न केला, तर शब्द निघेना.

पूजाने पाठीमागून कंबर धरली, गॅस बंद केला आणि मला तशीच न्हाणीत नेऊन नळाखाली बसवलं. पातळासकट. पाणी डोक्यावरून जात होतं आणि ती ओरडत होती. माझी पोरगी माझ्यावर कधी ओरडली नव्हती.

"मराचं हाय का तुले? मराचं असंन तर सांग, मी परीक्षेले नाही जात, इथीच बसतो!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. मसाला जळून घरभर धूर झाला होता.

त्या नळाखाली मी ठरवलं. पडायचं. आणि पडायचं तर असं पडायचं की कोणाच्या बापाला मला उठवता येणार नाही.

पडून राहणं

लोकांना वाटतं आराम करणं सोपं असतं. मला विचारा. पहिले पंधरा दिवस माझं अंग खाटेवर आणि जीव भट्टीवर. दहा वाजले की आता बुंदी पडली असेल, अकरा वाजले की वरणाला फोडणी. हात आपोआप हलायचे. एकदा झोपेत मी इतक्या जोरात पळी फिरवली की भिंतीवर हात आपटून बोटं सुजली.

पूजाने खिडकीला बारदान बांधलं. तिचे बाबा तासा-तासाने त्यावर पाणी मारायचे. शाळा बंद म्हणून मे महिन्यात त्यांची ऑटो उभी असते. दर वर्षी मी कामावर आणि ते मित्रांबरोबर पत्ते खेळत. त्या वर्षी ते स्वयंपाकघरात होते. त्यांचं पहिलं वरण मी जन्मात विसरणार नाही. त्यात हळद इतकी होती की ताटाला डाग पडला. मी जेवले. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मी सांगायला लागले असते तर उठले असते.

पाणी मी औषधासारखं प्यायले. कधी नुसतं, कधी पन्हं, कधी मीठ-साखर घातलेलं. आणि प्यायल्यावर जेव्हा जावंसं वाटे, तेव्हा मी उठून, हळूहळू चालत, आमच्या न्हाणीशेजारच्या संडासात जाई आणि आतून कडी लावी. कडीचा आवाज मला आवडायला लागला. दिवसातून आठ-आठ वेळा जायची. बावीस वर्षांची उधारी वसूल करत होते म्हणा ना.

भेटायला बाया यायच्या. "अजून झोपूनच का वं?" म्हणायच्या. आधी मी लाजून उठून बसायची, पदर सारखा करायची. मग उठणं बंद केलं. पडल्या पडल्या बोलायची. कोणी म्हणालं, "बाप्पा, लय आराम चालू हाय," तर मी म्हणायची, "हाव. तू बी कर." दोघी-तिघींनी पुन्हा पाय टाकला नाही. त्यांच्यावाचून अडलं नाही.

आणि एका दुपारी एक गंमत झाली. जाग आली तर कूलरच्या दुसऱ्या बाजूला सासूबाई सतरंजी टाकून झोपल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून, म्हणजे झोपल्या नाहीत असं सांगता यावं. मी डोळे मिटून घेतले. त्या विषयावर आम्ही दोघी आजपर्यंत एक शब्द बोललेलो नाही. मात्र घराच्या कळेबद्दल त्या पुन्हा काही म्हणाल्या नाहीत.

गजूभाऊ

मे संपायला आला तेव्हा गजूभाऊ स्वतः घरी आला. बरोबर टरबूज आणलं होतं. अकोटला मोठं लग्न होतं, घरचे नामांकित.

"ताई, तुमी कायी करू नोका. खुर्चीवर बसा. टेबलफॅन लावून देतो. भाजीचा वास घ्या अन् सांगा, बस."

माझ्या नाकापुढे ती भाजी आली. खरं सांगते, मन गेलं. मग मी विचारलं, "मागच्या लग्नात रेखाची पोरगी चक्कर येऊन पडली, ते खरं का?" शांताने मला सांगितलं होतं. रेखा आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला मदतीला नेते.

"पोट्टीनं सकाळी कायी खाल्लं नसंन."

"तिनं पानी पेलं नसंन, गजूभाऊ. मीच शिकवलं तिले."

मी खाटेवर पडूनच त्याला चार गोष्टी सांगितल्या. भट्टीजवळ बायांसाठी दार असलेला संडास. पत्रा नाही, वर हिरवी जाळी. पिण्याच्या पाण्याचा वेगळा ड्रम. आणि बारा ते चार भट्टी बंद.

तो हसला. "लग्न हाय का सरकारी हापिस? बारा वाजता मंगलाष्टकं, एक वाजता पंगत. भट्टी बंद ठेवू?"

"संध्याकाळचं लग्न घे. नाही तर अकरालेच स्वयंपाक उरकतो आमी, मंग पुऱ्या तुमचे मानसं तळतीन."

"असं सांगाल तर तुमचं नाव जाईन बजारातून."

"नाव जाऊ दे. मी उठून राहिली नाही."

त्याने टरबूज ठेवलं की परत नेलं ते आठवत नाही. दार मात्र जोरात आपटलं.

त्या संध्याकाळी मी शांताला बोलावलं आणि अकोटच्या लग्नाला कोणीच जायचं नाही, असं सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिचा नवरा नाही, तिच्या एकटीवर घर चालतं. ती खाटेच्या पायथ्याशी बसून माझी बोटं मोडत राहिली. मग म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी बरफ उचलला, तवा मले वाटलं आता मले कोनी कामाले नाही बलावनार. तरी उचललाच ना."

अकोटच्या लग्नाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता माझ्या घरात आठहीजणी आल्या. टेम्पो राजापेठेच्या चौकात उभा होता आणि कोणी त्यात चढलं नव्हतं. फोन वाजायला लागले. पूजाने सगळ्यांचे फोन गोळा केले, पोह्याच्या रिकाम्या डब्यात घातले आणि झाकण लावलं. डबा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमत होता.

बाया आधी भिंतीला टेकून बसल्या. लग्नाच्या दिवशी दुपारी करायचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. एक म्हणाली, तुमचे तांदूळ निवडून देऊ का. मी म्हटलं, कोणी कशाला हात लावायचा नाही, आडव्या व्हा. कूलर खोलीभर पुरत नव्हता, म्हणून पूजाच्या बाबांनी शेजाऱ्यांचा पंखा आणला. सगळ्यांत आधी शांता झोपली, तोंड उघडं टाकून. मग एकेक. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पूजाच्या बाबांनी सगळ्यांसाठी खिचडी केली. ती खाली लागली होती. आमच्यासारख्या स्वयंपाकिणींनी ती खाल्ली आणि छान झाली म्हणून खोटं सांगितलं.

आता सिनेमासारखा शेवट सांगत नाही. गजूभाऊने दुसरी टोळी नेली. अकोटचं लग्न झालं, लोक जेवले, आपापल्या घरी गेले. आमच्यावाचून काही अडलं नाही. तो हंगाम आम्हा सगळ्यांचा ओढाताणीत गेला. रेखा आणि आणखी एक बाई पुढच्या आठवड्यात गजूभाऊकडे परत गेल्या. रेखा माझ्यासमोर येऊन, रडून, सांगून गेली. मी तिला एवढंच म्हटलं, "जाय. पन पोट्टीले पानी पाजजो." तिच्यावर माझा राग नाही.

जूनच्या मध्यात अकोल्याला तपासणीला गेले. किडनी पुष्कळशी सावरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन तुम्हाला आता आधीसारखं सोसणार नाही, दर उन्हाळ्यात जपावं लागेल. मी म्हटलं, "जपतो. आता येते मले जपता." बाहेर पडताना वॉर्डात डोकावले. हमीदाबींच्या खाटेवर दुसरी बाई होती. सिस्टरने सांगितलं, त्या बऱ्या होऊन घरी गेल्या.

या वर्षी

फेब्रुवारीत अकोटहून एक बाई मला शोधत आल्या. सुलभाताई. मुलीचं लग्न मे महिन्यात. कधीतरी नात्यातल्या लग्नात माझ्या हातचं जेवल्या होत्या. मध्ये ठेकेदार नको, तुम्हीच करा, म्हणाल्या. मी माझ्या चार गोष्टी सांगितल्या.

"संडास माह्या घरातलाच वापरा. मांडव दारातच हाय," त्या म्हणाल्या. "लग्न गोरज हाय. पन बारा ते चार तुमी करता काय?"

"झोपतो."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. थट्टा नाही हे त्यांना कळलं. "बरं," म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी आम्ही पहाटे चारला भट्टी पेटवली. गोड, सुक्या भाज्या, मसाले, सगळं अकराच्या आत. वरण आणि रस्सा संध्याकाळसाठी ठेवला. बाराला मी स्वतः तिन्ही भट्ट्यांवर पाणी मारलं. घराच्या मागे एक मोठा कडुनिंब होता. त्याच्याखाली बारदानं ओली करून आम्ही सातजणी आडव्या झालो. ड्रममधलं पाणी माठासारखं गार नव्हतं, पण होतं, आणि पोटभर होतं.

अर्ध्या तासाने सुलभाताई मागे आल्या. मला वाटलं काही कमी पडलं. त्या झाडाचा बुंधा धरून उभ्या राहिल्या. नवीन पातळ, अंगावर सोनं, आणि तोंड लालबुंद.

"पानी पेल्या का?" मी विचारलं.

"कवा पिऊ? एक जन हाक मारते, दुसरा हाक मारते. पहाटपासून बसली नाही मी."

मी त्यांचा हात धरला. घाम होता. मला हायसं वाटलं. त्यांना खाली बसवलं, दोन पेले पाणी पाजलं, पदराचं टोक ओलं करून मानेवर ठेवलं. "पाचच मिनिटं टेकतो," म्हणाल्या, आणि माझ्या आणि शांताच्या मध्ये आडव्या झाल्या. दोन मिनिटांत त्यांचा श्वास संथ झाला. पोरीच्या लग्नात आईला झोप लागलेली मी कधी पाहिली नव्हती.

मग त्यांचे दीर आले, फेट्याचा शेव सावरत, तावातावाने.

"वहिनी कोठी हाय? कपाटाच्या चाव्या तिच्यापाशी हायेत. आहेर काढाचा हाय."

"झोपल्या हायेत," मी म्हटलं.

"आत्ता? पोरीचं लग्न हाय!"

"लग्न संध्याकाळी हाय. चार वाजता या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ओळीने झोपलेल्या बायांकडे, आणि मधे सोन्याच्या पाटल्या घातलेला हात उशाशी घेऊन झोपलेल्या वहिनीकडे. मी उठून बसावं, पदर सारखा करावा, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी कोपरावर टेकलेली होते, तशीच राहिले.

ते परत गेले. मी सुलभाताईंच्या तोंडावर आलेलं ऊन अडवायला बारदानाचं टोक फांदीला अडकवलं आणि कूस बदलली.